पुण्यात एमपीटी करताना राहण्या-जेवण्याचा खर्च: बारा हजारांत भागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बार्शीच्या, बीपीटीची (फिजिओथेरपीतल्या पदवीची) इंटर्नशिप संपत आली आहे आणि सीईटी देऊन एमपीटीसाठी (त्यातल्याच पदव्युत्तर पदवीसाठी) पुण्यात यायचा विचार आहे. वडिलांचं किराणा दुकान आहे. फीचं काहीतरी होईल, पण राहण्या-जेवण्यासाठी घरून महिन्याला १२,००० रुपयेच मिळतील. तेवढ्यात भागेल का? नाही भागलं तर तो खर्चही शैक्षणिक कर्जात घालावा, की आधी एक वर्ष नोकरी करावी?

आधी सरळ उत्तर देते. बारा हजारांत एखादा महिना निघतो, दोन वर्षं निघत नाहीत. राहण्याचा सगळा खर्च कर्जातून करू नका. वर्षभर नोकरी करायचीच असेल तर ती पुण्यात करू नका, बार्शीत घरी राहून करा. आता कारणं.

कोथरूडला माझं क्लिनिक आहे. एमपीटी करणारी मुलं-मुली संध्याकाळी माझ्याकडे काम करतात, काही जणांना प्रबंधासाठी पेशंटही मी पाठवते. महिन्याची वीस तारीख उलटली की त्यांचं जे चालतं ते मला दिसतं. खालचे आकडे त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहेत. तुमचं कॉलेज कुठल्या भागात पडतं त्यावर ते हजार-दोन हजारांनी इकडेतिकडे होतील.

सगळेच महिन्याचा आकडा विचारतात. पण पैशांवाचून अडलेल्या ज्या मुली मी पाहिल्या, त्या महिन्याच्या खर्चामुळे अडलेल्या नव्हत्या. त्या तीन ठिकाणी अडतात: पुण्यात आल्यावरचे पहिले दोन महिने, प्रबंधाचं काम ऐन भरात असतानाचे महिने, आणि शेवटची परीक्षा झाल्यापासून पहिला पगार हातात पडेपर्यंतचा काळ. म्हणून हिशोब महिन्याचा न मांडता पूर्ण मुक्कामाचा मांडा, आणि तोही २४ महिन्यांचा न धरता २७ महिन्यांचा धरा. परीक्षा, निकाल, फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणाऱ्या कौन्सिलकडे नव्या पदवीची नोंद आणि मुलाखती यांत दोन-तीन महिने सहज जातात. त्या काळात खोलीचं भाडं काही थांबत नाही.

तरीही सुरुवात महिन्यापासूनच करू. पुण्यातली फिजिओथेरपीची कॉलेजं शहरभर पसरलेली आहेत. शिवाजीनगरला आहेत, धनकवडी-नऱ्हे पट्ट्यात आहेत, पिंपरी-निगडीकडे आहेत, तळेगाव दाभाड्यालाही आहे. शिवाजीनगर मिळालं तर सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं देऊन, जागा मिळते. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे राहत असल्याने मेस, अभ्यासिका, झेरॉक्स सगळं पायाखाली असतं. जागा मात्र जुन्या वाड्यांतल्या किंवा अरुंद इमारतींतल्या. बाथरूम किती जणांत आहे आणि पाणी किती वाजेपर्यंत येतं, हे भाड्याच्या आधी विचारा. नऱ्हे, आंबेगाव, धनकवडीकडे त्याच पैशांत मोकळी जागा मिळते. पिंपरीत संत तुकाराम नगरच्या आसपास पीजी भरपूर आहेत. तळेगावला भाडं कमी, आणि पुण्यातून जायचं झालं तर लोणावळा लोकलचा पास स्वस्त पडतो. पण संध्याकाळी पुण्यात काम करून चार पैसे मिळवण्याचा बेत असेल तर तळेगावहून तो जमवणं फार कठीण आहे.

दोघी-तिघींच्या खोलीत एका कॉटचे साधारण ६,५०० धरा. दोन वेळची मेस ४,०००. यात एक गंमत असते: बहुतेक मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात, म्हणजे रविवारचं रात्रीचं जेवण बाहेर. खाडे (न जेवलेले दिवस) किती दिवसांपुढे धरतात तेही पहिल्याच दिवशी काकूंना विचारून घ्या. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गेलात तरच पैसे वळते होतात, आणि तुमच्या बार्शीच्या फेऱ्या बहुधा दोन दिवसांच्याच असतील. नाश्ता, चहा आणि ती रविवारची रात्र मिळून १,५००. प्रवास १,२००. मोबाइल ४००. साबण, कपडे धुणं, सॅनिटरी पॅड, किरकोळ औषधं १,२००. झेरॉक्स-प्रिंट आणि इतर ७००. बेरीज १५,५००.

यात हौसमौज जवळपास नाही. मी मुद्दाम ती धरलेली नाही, कारण तिच्यावर उपदेश करायला घरचे असतातच. नाश्त्याला मात्र कात्री लावू नका. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, दुपारी बीपीटीच्या मुलांचं पोस्टिंग सांभाळायचं, मग सेमिनार. दिवसभर उभं राहून, पेशंटला उचलून-वळवून काम करायचं असतं. उपाशीपोटी हे सहा महिने चालतं, नंतर तुमचीच कंबर धरते.

प्रवासात दुचाकीचा मोह होतो. रोज जाऊन-येऊन १६ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ४१६ किलोमीटर. स्कूटर शहरात ४० चं ॲव्हरेज देते असं धरलं तर दहा-साडेदहा लिटर. लिटरला शंभराच्या वर म्हणजे अकराशे रुपये नुसतं पेट्रोल. सर्व्हिसिंग, विमा, पंक्चर वेगळं. घरची स्कूटर असेल तर आणा, पण त्यासाठी नवीन घेऊ नका. कॉलेजजवळ हजार रुपये जास्त भाडं देऊन पायी जाणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि जो तास वाचतो तो एमपीटीत पैशांहून दुर्मिळ असतो.

आता महिन्यात न मावणारे खर्च. कॉट बेसिसला डिपॉझिट साधारण एक-दोन महिन्यांचं. चौघी मिळून फ्लॅट घेतलात तर भाडं माणशी तेवढंच पडतं, पण डिपॉझिट मोठं. शिवाय एजंटला एक महिन्याचं भाडं, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, पोलीस व्हेरिफिकेशन, गादी, गॅस, बादल्या. फ्लॅटमध्ये जेवण स्वस्त पडेल हा हिशोब कागदावर बरोबर असतो. प्रत्यक्षात संध्याकाळी सातला घरी येऊन स्वयंपाक करणारी एमपीटीची विद्यार्थिनी माझ्या पाहण्यात क्वचितच आहे. पहिल्या वर्षी कॉट बेसिस, मैत्रिणी जमल्या की दुसऱ्या वर्षी फ्लॅट, हा क्रम मला बरा वाटतो. फ्लॅट घेतलाच तर करारात एक महिन्याच्या नोटिशीवर सोडण्याची सोय आहे का ते बघा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणार असतील तर किती, तेही लिहून घ्या. आल्याआल्याच्या या सगळ्यासाठी २५,००० बाजूला काढा.

प्रबंधाच्या खर्चाबद्दल जरा जास्त बोलते, कारण त्याबद्दल कोणीच आधी सांगत नाही आणि तो बराचसा तुमच्या हातात असतो. गाइडबरोबर विषय ठरवताना फक्त 'नवीन काय' एवढंच बघू नका. तीन गोष्टी विचारा. पहिली, पेशंट आपल्या ओपीडीत आपोआप येतात का? बाहेरून आणायचे झाले तर त्यांच्या येण्याजाण्याचे पैसे कधी ना कधी तुमच्यावर येतात. दुसरी, मोजमाप एकदाच करायचं आहे की सहा आठवडे उपचार देऊन पुन्हा करायचं आहे? उपचारांचा अभ्यास जास्त वजनदार असतो हे खरं, पण चौथ्या आठवड्यात आजोबांचा गुडघा बरा वाटायला लागला की ते यायचे बंद होतात. मग तेवढे पेशंट नव्याने शोधा, त्यांना रिक्षाचे पैसे द्या, मुदतीत सबमिशनसाठी धावपळ करा. तिसरी, लागणारं उपकरण विभागात आहे का? भाड्याने आणायची वेळ आली की बजेट तिथेच कोसळतं.

प्रश्नावल्यांचंही तसंच. काही स्केल मोफत वापरता येतात, काहींना परवाना लागतो. स्मृती तपासायची एमएमएसई किंवा आयुष्याच्या गुणवत्तेची एसएफ-३६ वापरायच्या आधी हक्क कोणाकडे आहेत ते बघा. मराठी भाषांतराची परवानगीही त्यातच येते. नमुन्याची संख्या काढायला जीपॉवर आणि विश्लेषणाला जामोवी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. संख्याशास्त्रज्ञाकडे तयार तक्ते घेऊन गेलात तर त्याची फीही कमी होते. हे सगळं, छपाई-बाइंडिंगच्या प्रती आणि एथिक्स कमिटीचं शुल्क धरून २०,००० ठेवा. विषय नीट निवडलात तर निम्म्यात होईल.

गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), नी हॅमर, स्टेथोस्कोप बीपीटीचेच चालतात. पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात जुन्या प्रती शोधा, आणि त्याआधी लायब्ररी आणि सीनियर. एप्रन, पुस्तकं, थोडी उपकरणं मिळून १२,०००. परीक्षा शुल्क आणि एखाद्या परिषदेत पोस्टर सादर करायला जाणं, १५,०००.

इथे माझं एक आग्रही मत. मॅन्युअल थेरपी, ड्राय नीडलिंग, टेपिंगच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळांच्या जाहिराती तुम्हाला रोज दिसतील, आणि एकेकीची फी तुमच्या एक-दोन महिन्यांच्या खर्चाएवढी असेल. वर्गातल्या दोघी करतात म्हणून तिसरी करते. एमपीटी चालू असताना त्या करू नका. विभागात शिकवणारे लोक आहेत, रोज पेशंट आहेत. नोकरी लागली की कोणत्या प्रकारचे पेशंट तुमच्याकडे जास्त येतात ते कळेल, मग त्यासाठी पैसे खर्च करा. काही संस्था तेव्हा फीचा वाटाही उचलतात.

तर आता बेरीज. २४ महिने १५,५०० प्रमाणे ३,७२,०००. येण्याचा खर्च २५,०००, प्रबंध २०,०००, पुस्तकं-उपकरणं १२,०००, परीक्षा-परिषद १५,०००. शेवटचे तीन महिने ४६,५००. अडीअडचणीला ३०,०००. एकूण ५,२०,५००. तुमच्या हिशोबाने बारा हजार गुणिले २४, म्हणजे २,८८,०००. मधले २,३२,५०० कुठून आणायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. महिन्याला साडेतीन हजार कमी पडतात असं वाटतं, म्हणून तो लहान दिसतो.

कर्जाचं बघू. बँका शैक्षणिक कर्जात फीबरोबर राहण्याचा वाजवी खर्चही धरतात. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. चार लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. त्यामुळे सगळं कर्जातच घालावं असं वाटणं साहजिक आहे. पण कर्जाची पहिली रक्कम उचलल्यापासूनच व्याज चालू असतं. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक लाखाला महिन्याला जवळजवळ १,७०० रुपये हप्ता येतो, आणि शिकत असतानाचं साठलेलं व्याज त्यात धरलेलं नाही. फीचे चार लाख आणि राहण्याचे पाच लाख मिळून नऊ लाख घेतले, तर हप्ता पंधरा हजारांच्या वर. एमपीटी होऊन पुण्यात पहिली नोकरी लागते तेव्हा पगार २५,००० च्या आसपास असतो, कधी त्याहून कमी. हातात दहा हजार उरतात, म्हणजे तुमच्या एमपीटीच्या काळातल्या खर्चापेक्षाही कमी. मी माझ्याकडच्या मुलींना एकच मर्यादा सांगते: अपेक्षित पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हप्ता होईल एवढं कर्ज घेऊ नका. पंचवीस हजारांना तो सव्वाआठ हजारांच्या आसपास, म्हणजे एकूण कर्ज पाच लाखांच्या आत.

म्हणून फी कर्जातून, महिन्याचा खर्च घरच्या पैशांतून आणि बचतीतून, अशी वाटणी करा. मंजूर रक्कम थोडी जास्त ठेवायला हरकत नाही, पण ती वर्षागणिक, लागेल तशीच उचला. आणि शिकत असताना दरमहा थोडं व्याज भरता आलं तर भरा. काही बँका त्याबद्दल दरात एक टक्का सवलत देतात, ती आहे का हे कर्ज घेण्याआधीच विचारा. आयकरात या व्याजाची वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीत. सुरुवातीच्या पगारावर तुम्हाला फारसा करच लागणार नाही, तेव्हा त्या वजावटीचा मोह धरून कर्ज वाढवू नका.

मग होम व्हिजिट करून पैसे काढता येतील का? येतात, पण आधी दोन अटी. महाराष्ट्र राज्य ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी हातात हवी, ती इंटर्नशिप संपताच करून घ्या. आणि तुमच्या कॉलेजला बाहेर काम केलेलं चालतं का हे विभागप्रमुखांना विचारा, चोरून करू नका. एमपीटी पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि हजेरीत अडकलात तर टर्म जाते, तिची किंमत सगळ्या व्हिजिटांपेक्षा जास्त.

पुण्यात एका व्हिजिटचे साधारण ५०० ते ८०० मिळतात. क्लिनिकमार्फत गेलात तर त्यातला तिसरा हिस्सा ते अर्धे क्लिनिक ठेवतं. तुमच्या शाखेवरही बरंच ठरतं. न्यूरोवाल्यांना पक्षाघाताचे पेशंट मिळतात आणि ते महिनोन्‌महिने चालतात. गुडघा बदललेल्या आजी चार-सहा आठवड्यांत चालायला लागतात, मग नवीन आजी शोधाव्या लागतात. कार्डिओ-रेस्पिरेटरी घेतलीत तर आयसीयूच्या पोस्टिंगमुळे संध्याकाळ तुमची राहतच नाही. स्पोर्ट्सवाल्यांना रविवारी स्पर्धांच्या कव्हरेजचं मानधन कधी मिळतं, कधी नुसता टी-शर्ट. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांतले रस्ते बंद, दिवाळीत पेशंटच गावाला. प्रबंध आणि परीक्षेच्या महिन्यांत तुम्हीच नाही म्हणाल. त्यामुळे चांगल्या महिन्यात सात-आठ हजार आले तरी दोन वर्षांची सरासरी चार हजारांच्या वर धरू नका. शक्य असेल तर ती बजेटमध्येच न धरता तीन महिन्यांच्या शेवटच्या काळासाठी साठवा. विद्यावेतनाचंही तसंच: खासगी कॉलेजांत एमपीटीला ते बहुधा नसतं किंवा नावापुरतं असतं. ज्या कॉलेजमध्ये आहे तिथल्या सीनियरला खात्यावर खरंच किती येतात ते विचारा.

वर्षभर आधी नोकरी करण्याबद्दल. बीपीटीवर पुण्यात नोकरी धरलीत तर पगार इथल्याच भाड्या-मेसमध्ये जाईल, वर्षाअखेरीस तीस-चाळीस हजार उरले तरी खूप. बार्शीत घरी राहून एखाद्या हॉस्पिटलमध्ये काम आणि संध्याकाळी व्हिजिट केल्यात तर दरमहा दहा हजार बाजूला पडणं शक्य आहे, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या घरात. तेवढ्याने वरच्या सव्वादोन लाखांचा निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्या लाखाला सरासरी चार हजारांच्या व्हिजिट पुरतात, किंवा कर्जात लाखभर वाढवता येतं. तोटाही सांगते: अभ्यासाची सवय मोडते, आणि घरी लग्नाचा विषय निघायचा असेल तर तो याच वर्षी निघतो. या वर्षी सीईटीचा गुणांक चांगला आला आणि कमी फीचं कॉलेज मिळत असेल, तर थांबू नका. फीतला फरक तुमच्या वर्षाच्या बचतीपेक्षा मोठा असू शकतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती म्हणजे प्रवर्ग आणि कुटुंबाचं उत्पन्न. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि शासकीय वसतिगृह मिळालं नसेल, तर स्वाधार योजनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी वर्षाला ६०,००० मिळतात: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. अनुसूचित जमातींसाठी स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटीसाठी सावित्रीबाई फुले आधार या तशाच योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. बसत असाल तर अर्ज जरूर करा. पैसे मात्र उशिरा आणि एकरकमी येतात, त्यावर मेसचं बिल अवलंबून ठेवू नका. आले की शेवटच्या तीन महिन्यांच्या खात्यात टाका किंवा कर्जाचं व्याज भरा. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचे कागद बार्शी तहसीलमधून निघतील, ते पुण्यात येण्याआधीच घेऊन ठेवा. नाहीतर एकेका कागदासाठी एसटीची फेरी आणि मेसचा न धरलेला खाडा, दोन्ही लागतील.

कॉलेज नक्की करण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या एखादीला फोन करून विचारा: पोस्टिंग संध्याकाळी खरोखर किती वाजता सुटतं, रविवारी यावं लागतं का, वसतिगृहात पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलींना जागा देतात का, आणि फीशिवाय वर्षभरात कॉलेजने आणखी कशाकशाचे पैसे घेतले. शाखा, कॉलेज आणि फी कळवलीत तर याच आकड्यांवर तुमचा हिशोब नव्याने मांडून देईन.